वजनाचा काटा आणि दंडाची टेप

माझ्या मुलाला सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, तेव्हा त्याचे वजन १८ किलो होते. उपचारांच्या पहिल्या महिन्यात स्टिरॉइडच्या गोळ्या रोज द्यायच्या होत्या. दुसऱ्या आठवड्यापासून तो रात्री दोन वाजता उठून वरणभात मागू लागला आणि ताट संपण्याआधीच सकाळी काय करणार ते विचारू लागला. महिनाअखेर काट्यावर २१ किलो भरले. गाल वर आले, पोट सुटले; भेटायला आलेल्या नणंदबाई ‘चांगलं बाळसं धरलंय की’ म्हणाल्या आणि खरे सांगायचे तर मलाही ते ऐकून बरे वाटले.

आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र त्याच्या दंडाभोवती टेप गुंडाळली, तर घेर निदानाच्या वेळेपेक्षा कमी भरला. स्टिरॉइडमुळे भूक वाढते, अंगात पाणी साठते, चेहऱ्यावर आणि पोटावर चरबी चढते, पण त्याच वेळी स्नायू झिजतात, हे त्यांनी समजावले, तेव्हा तीन पायऱ्या चढतानाही तो कठडा का धरतो, याचा मला उलगडा झाला. लोणचे, पापड, वेफर्स बंद झाले आणि भाताच्या जोडीला उकडलेले अंडे, मुगाचे धिरडे आले.

गोळ्या थांबल्यावर भूक आली तशीच गेली. पुढच्या टप्प्यात मेथोट्रेक्सेट या कर्करोगावरच्या औषधामुळे तोंड आले, आणि गार केलेली नाचणीची पेजही चमचाभर गिळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येई. महिन्याभरात चार किलो उतरले. औषधांचे डोस उंची-वजनावरून ठरत असल्याने प्रत्येक फेरीला काट्यावर उभे राहणे आलेच, आणि तो आकडा म्हणजे जणू माझीच परीक्षा असे मला वाटे. नाकातून नळी घालून अन्न द्यायला मी आठवडाभर नकार दिला. तो आठवडा मी उगाच घालवला.

उपचार दोन वर्षांहून अधिक चालले, ते संपूनही आता वर्ष झाले. गेल्या तपासणीत त्याचे वजन उंचीच्या मानाने जास्त भरले, कारण पानावर तुपाची धार धरायची माझी सवय सुटलेली नव्हती. आता तो संध्याकाळी लगोरी खेळतो आणि कठडा न धरता जिना चढतो. तूप मी एका चमच्यावर आणले आहे. आजी माझी पाठ वळली की दुसरा वाढते, हे मला ठाऊक आहे.