षट्कोनी पत्रिकेचा रिपोर्ट: ४८ पैकी ४१ झाल्या

तर मंडळी, मागच्या वेळी मी आमच्या लग्नाची पॉप-अप पत्रिका (उघडली की आतलं कागदी चित्र उभं राहतं ती) करणार म्हणून ज्या फुशारक्या मारल्या होत्या त्या विसरा. चार नमुने केले, चारही उघडताना छान दिसायचे आणि बंद करताना काहीतरी कडेने बाहेर डोकवायचंच. शिवाय पॉप-अप एकदा उघडलं की संपलं. माणूस "अरे वा" म्हणतो आणि ठेवून देतो. मला अशी पत्रिका हवी होती जी हातातून सुटणार नाही, लोक बसल्या बसल्या चाळा म्हणून खेळत राहतील.

मग आठवलं हेक्साफ्लेक्सॅगॉन. जुन्या लोकांना माहितीये, नव्यांसाठी सांगते. कागदाची एकच लांब पट्टी, तिच्यावर समभुज त्रिकोणांच्या घड्या, गुंडाळून चिकटवली की षट्कोन होतो. त्याला पुढची आणि मागची अशा दोन बाजू दिसतात, पण चिमटीत धरून दुमडला (याला मी उलटणं म्हणते) की मधून फुलासारखा उघडतो आणि तिसरी बाजू बाहेर येते जी आत्तापर्यंत कुठेच नव्हती!! लग्नाच्या पत्रिकेला याहून भारी काय पाहिजे सांगा. पहिल्या बाजूला आमची नावं, दुसऱ्या बाजूला तारीख वेळ ठिकाण, आणि तिसरी बाजू ज्याला सापडेल त्याची.

हिशोब सोपाय. सगळ्यात साधा प्रकार घेतलाय, दहा त्रिकोणांचा. दोन्ही बाजू मिळून वीस त्रिकोण, त्यातले दोन गोंदात जातात, उरले अठरा, म्हणजे बरोब्बर तीन बाजू प्रत्येकी सहा. त्रिकोणाची बाजू ५० मिमी ठेवली तर पट्टी २७५ मिमी लांब आणि ४३.३ मिमी रुंद येते, तयार षट्कोन टोकापासून टोकापर्यंत १०० मिमी, सी-६ पाकिटात आरामात जातो.

पहिला आठवडा, सगळंच चुकलं

घरात २२० जीएसएमचं (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड) कार्डस्टॉक पडलं होतं, म्हटलं पत्रिका आहे जरा जाड कागद बरा. चूक. या प्रकारात सहापैकी तीन भाग एकेरी असतात आणि तीन दुहेरी, त्यामुळे जाड कागद दुहेरी भागात फुगतो आणि घडीवर रंग तडकून पांढरी रेघ येते. मग साधा ८० जीएसएम घेतला, तर तो लुळा, तीनचार वेळा उलटला की टोकं कुत्र्याच्या कानासारखी. शेवटी १२० जीएसएमवर गाडी थांबली.

पण १२० मध्ये सुद्धा काही घड्या गुळगुळीत आणि काही खरबरीत येत होत्या. दोन दिवस मी स्कोअरिंगला, म्हणजे घडीच्या जागी आधी खाच पाडण्याला, दोष देत बसले (रिकामं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी, दुसरं काही वापरत नाही मी), आणि मग डोक्यात प्रकाश पडला, ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा! माझा ए-४ कागद लांबीच्या दिशेने ग्रेनचा होता आणि मी पट्ट्याही लांबीतच कापत होते, म्हणजे प्रत्येक घडी ग्रेनला ६० अंशात. पट्टी ग्रेनला आडवी कापली तर घड्या ३० अंशात येतात, कागद खूप कमी कुरकुर करतो. पण ए-४ आडवा २१०च मिमी, पट्टी पाहिजे २७५ची. म्हणून ए-३ आणला, त्याची ग्रेन ४२० मिमीच्या बाजूने होती (कोपऱ्याचा तुकडा ओला करून बघा, तो वळून नळी होते, नळीची लांबी ज्या दिशेला ती ग्रेन), आणि पट्ट्या २९७च्या बाजूने कापल्या. एका कागदात नऊ. ४८ पत्रिकांना सहा कागद पुरतात, वर सहा पट्ट्या बिघडवायला शिल्लक.

आणि ऐका, २९७ मधून २७५ गेले की कडेची २२ मिमीची लांब चिंधी उरते ना, तिच्यात निम्म्या मापाचे तीन छोटे फ्लेक्सॅगॉन बसतात. बाजू २५, रुंदी २१.७, लांबी १३७.५, तीन मिळून ४१२.५, कागद ४२०चा. मी हे गणित रात्री साडेबाराला केलं आणि होणाऱ्या नवऱ्याला उठवून सांगितलं. तो "हं" म्हणाला आणि कूस बदलली. ग्रेन उलटी येते त्यामुळे घड्या थोड्या हट्टी, पण लहान मुलांना वाटायला झकास.

तसंही हा सगळा खेळ चिंध्यांमधूनच आलाय. १९३९ साली आर्थर स्टोन नावाचा इंग्रज विद्यार्थी अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकायला गेला, तिथला कागद त्याच्या इंग्लंडच्या फाइलपेक्षा रुंद निघाला, म्हणून त्याने कडा कापल्या आणि कापलेल्या पट्ट्यांशी चाळा करता करता हे सापडलं. मग त्याच्या मित्रांनी चक्क कमिटी केली, त्यात रिचर्ड फाइनमन पण होता, तोच तो, पुढे नोबेल मिळालेला. गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने डिसेंबर १९५६च्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात यावर लिहिलं तेव्हा ते जगभर पसरलं. थोडक्यात, उरलेला कागद टाकू नका.

दुसरा आठवडा, नावांचे तुकडे

पहिल्या बाजूला मी मधोमध गोल वेल काढली आणि वेलीत दोघांची नावं. सुंदर दिसत होतं, मीच माझ्या प्रेमात. एकदा उलटला आणि मागे गेलेली पहिली बाजू बघितली तर वेल गायब, तिचे तीन तुकडे तीन टोकांना, माझं नाव एका कोपऱ्यात आणि त्याच्या नावाचा "जी" दुसरीकडे.

असं का, तर उलटताना जुनं केंद्र बाहेरच्या टोकांना जातं आणि बाहेरची तीन टोकं आत येऊन नवं केंद्र होतात. म्हणजे एकच बाजू दोन रूपांत दिसते, एकदा समोरून आणि एकदा दुसऱ्या स्थितीत मागून. तीन बाजू, सहा रूपं. मला हे वाचून माहिती होतं हो, पण स्वतःचं नाव फुटल्याशिवाय कळत नाही.

आधी चिडचिड झाली, मग मजा वाटायला लागली. आता नावं प्रत्येक त्रिकोणाच्या पोटात आहेत, तिथे काही फुटत नाही, फक्त तिरकी होतात. केंद्रात मी मिटलेली कळी काढलीये जी दुसऱ्या रूपात तीन टोकांना जाऊन तीन अर्धवट फुलं होते. हे मुद्दाम केलंय असं सगळ्यांना सांगणार आहे, तुम्ही गप्प बसा.

कुठला त्रिकोण कुठे येणार याचे तक्ते मिळतात पण मी तरी कोरी पट्टी गोंद न लावता दुमडून क्लिप लावते, पेन्सिलने तिन्ही बाजूंना नंबर टाकते आणि परत उलगडते. ती पट्टी माझी मास्टर, भिंतीवर टाचलीये.

तिसरा आठवडा, मावशीची परीक्षा

नमुना मावशीच्या हातात दिला, काही सांगितलं नाही. तिने पाकिटातून काढला, वाचला, "छान आहे गं" म्हणाली आणि चष्मा काढून ठेवला. म्हटलं मावशी अगं खेळ त्याच्याशी, अजून एक बाजू आहे. मग तिने असा काही ओढला की टर्र.

दोष माझाच. सहा घड्यांपैकी एकाआड एक तीन घड्यांवरच तो उघडतो, उरलेल्या तीन बंद. मावशी बंद दारावर धक्के मारत होती बिचारी. आता उघडणाऱ्या तीन घड्यांच्या टोकाला छोटा लाल ठिपका आणि त्याखाली "इथे चिमटा". ठिपक्यांचा शिक्का खोडरबरातून कोरला. "चिमटा" पण कोरायला गेले होते, आरशातली अक्षरं काढायची विसरले, उलटा चिमटा छापला गेला. ते हातानेच लिहितेय.

गोंदाबद्दल एकच, पांढरा पातळ गोंद कागद सुरकुतवतो, ग्लूस्टिक वापरा आणि घडीपासून दोन मिमी लांब राहा, नाहीतर बिजागरीच चिकटते. पाकिटावर लाखेचा शिक्का मारायचा हट्टही मी केला होता, पितळी शिक्का बर्फावर गार करून मारला की चिकटत नाही हे शिकले, पण पाकीट वाकलं की लाख तडकते. सोडला नाद.

चौथा आठवडा, सहा शब्द

आता खरी गंमत. तिसरी बाजू. सहा त्रिकोण आहेत म्हणून प्रत्येक पाहुण्यासाठी सहाच शब्दांचं एक वाक्य लिहायचं ठरवलं, एका त्रिकोणात एक शब्द, गोलाकार. पहिलं लिहिलं माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला,

तुझ्याशिवाय – फोटोत – कोण – डोळे – मिटणार – आता

आणि मग लक्षात आलं की गोलाला सुरुवातच नाही. ती कुठूनही वाचणार. घाबरत घाबरत वाचून बघितलं. "फोटोत कोण डोळे मिटणार आता तुझ्याशिवाय." चाललं! "डोळे मिटणार आता तुझ्याशिवाय फोटोत कोण." अरे हेही चाललं! फक्त "मिटणार"पासून सुरू केलं तर शेवटी "कोण डोळे" येतं आणि जरा लंगडतं. मराठीत शब्द कसेही फिरवले तरी वाक्य उभं राहतं याचा एवढा आनंद मला शाळेत व्याकरण शिकताना झाला नव्हता.

तेव्हापासून आम्हाला दोघांना वेड लागलंय. रोज रात्री जेवण झालं की पाहुण्यांची यादी घ्यायची आणि सहाही ठिकाणांहून वाचता येईल असं वाक्य शोधायचं. हॉल, कपडे, कुणाला बोलवायचं कुणाला नाही यावरून आमची जी भांडणं चालली होती ती या तासात बंद असतात, कारण तेव्हा आम्ही "की" या शब्दाशी भांडत असतो. "की", "तर", "आणि" हे तिघे शत्रू. "तुम्ही आलात की आम्हाला धीर येतो" हे किती गोड आहे, पण "की"पासून वाचा बरं. बाद.

माझ्या आजीसाठीचं मात्र पहिल्या झटक्यात जमलं. "आजी पहिली खुर्ची तुझीच ठेवलीय बघ." सहाही ठिकाणांहून फिरवून बघा, कुठेही अडत नाही. नाचऱ्या चुलत बहिणीला "नाचायला तूच पहिली येणार हे ठरलंय". हेही सहाच्या सहा. त्याच्या ऑफिसातल्या लोकांसाठी काही सुचेना, शेवटी तो म्हणाला सगळ्यांना एकच लिहू, पण ते नाही, एकच लिहायचं तर छापूनच आणलं असतं ना. अजून सात राहिलेत ते हेच.

लिहायला पिगमेंटचं ०.५ पेन. जेल पेन बोटाला लागतं, आणि ही वस्तू तर बोटातच राहणार. ४८ गुणिले सहा म्हणजे २८८ शब्द, आणि ते चिकटवायच्या आधी सपाट पट्टीवर लिहायचे, म्हणजे पट्टीवर शब्द विखुरलेले दिसतात, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे. एकदा "खुर्ची" उलटी गेली. आजीला चालेल असं तो म्हणाला, मला चाललं नाही, नवीन केली.

कापायचं काम त्याच्याकडे आहे. माणूस चांगला आहे पण कटर हातात आला की घाई करतो, पट्टी एका टोकाला रुंद आली की षट्कोनाच्या कडा जुळत नाहीत, यावरून आमचं दोनदा वाजलंय. दुसऱ्या वेळी मी कटर काढून घेतला आणि उरलेल्या पट्ट्या मीच कापणार म्हणाले, जरा जास्तच आवाजात.

परवा ४१वी चिकटवून झाली आणि मोजायला बसले तर ४२ निघाल्या. एक जास्तीची. तीवर पुढे मागे काहीच नाही, कोरी, ठिपके फक्त, ते पण पेनाने काढलेले. चिमटा काढला. आत त्याच्या त्या गिचमिड अक्षरात,

आयुष्यभर – पट्ट्या – मीच – कापणार – तुझ्या – सगळ्या

मी सहाही ठिकाणांहून वाचून बघितलं. सगळीकडून चालतं. मग पट्टी लावून मोजलं, एका टोकाला दीड मिमी जास्त आहे.