अठरापैकी सतरा

राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीतल्या एका घराच्या पडवीत आम्ही चिंब भिजलेल्या अंगाने रांगेत बसलो होतो. बूट काढून झाले होते, पिठल्याचा वास सुटला होता आणि घरधनीण ताटे मांडताना मधेच थांबून म्हणाली, "फोनवर अठरा सांगितली होती ना? ही तर सतराच आहेत."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. लोणावळ्याहून राजमाचीला येणारी ती जुलैमधली वाट धुक्याने इतकी भरलेली होती की दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. पण खरे सांगायचे तर दोष धुक्याचा नव्हता. पुढे चालणाऱ्यांना वाटत होते की कमी असलेला माणूस मागे आहे आणि मागे चालणाऱ्यांना वाटत होते की तो पुढे गेला आहे. त्या दिवशी शेवटचा गडी मी होते, म्हणजे माझ्या मागे कोणीही असता कामा नये ही जबाबदारी माझी होती. पण मध्यंतरी एका मुलीच्या पोटरीत गोळा आला म्हणून मी पुढे गेले आणि माझी जागा कोणालाही न सांगता रिकामी राहिली. गावातले दोन तरुण मोटारसायकल काढून लगेच निघाले आणि तासाभराने आमच्या सोसायटीतले ते बावन्न वर्षांचे गृहस्थ त्यांच्या मागे बसून सुखरूप आले.

घडले होते ते असे. त्यांना लघवीला जायचे होते. घोळक्यात बायका असल्यामुळे ते काही न बोलता पाठपिशवीसकट झुडपाआड गेले. परतताना मळलेल्या वाटेऐवजी एक ढोरवाट पायाखाली आली, ती अर्ध्या तासाने कारवीत विरून गेली, तेव्हा चूक त्यांच्या ध्यानात आली. मग मात्र त्यांनी शहाणपणा केला: आल्या पावली मागे फिरले, ओळखीचा ओढा लागताच तिथल्या खडकावर बसले आणि जागचे हलले नाहीत. त्यांच्या पिशवीच्या पट्ट्याला शिट्टी होती. ती का वाजवली नाही, असे विचारल्यावर ते थोडे ओशाळून म्हणाले, "उगाच सगळ्यांना थांबवायचे म्हणून कसेतरी वाटले."

या वाक्याने माझ्या डोक्यातली सुरक्षिततेची सगळी यादी उलटीपालटी झाली. गेली नऊ वर्षे आम्ही ठाण्याहून महिन्याला एक पदभ्रमण करतो आणि तोवर मी तयारी म्हणजे साहित्य असेच समजत होते. आता मला वाटते की गटातल्या बहुतेक अडचणींचे मूळ संकोचात असते. बूट चावतो आहे, दम लागला आहे, गुडघा दुखतो आहे, हा ओढा ओलांडायची भीती वाटते आहे, हे वेळेवर सांगितले तर दहा मिनिटांचे काम असते. न सांगितले तर त्याची झोळी होते आणि ती चौघांना उचलावी लागते.

म्हणून आता तयारी दोन आठवडे आधी फोनवरून सुरू होते. व्हॉट्सॲपच्या गटावर "कोणाला काही त्रास आहे का?" असे विचारले की अंगठ्यांची रांग लागते आणि मधुमेह, दमा, उंचीची भीती यांतले काहीही बाहेर येत नाही. मी प्रत्येकाला वेगळा फोन करते. कोणती औषधे चालू आहेत, अलीकडे सलग तीन तास कधी चाललात, पाय मुरगळण्याची सवय आहे का, एवढेच विचारते. दम्याचा पंप पिशवीच्या तळाशी नको, वरच्या खिशात हवा आणि तो कुठे आहे हे आणखी एकाला माहीत हवे. मधुमेह असणाऱ्याने जेवणाची वेळ टळेल असे धरूनच सोबत साखर आणि खाऊ ठेवावा. नवख्यांना आधी एका रविवारी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात नेते, त्याच बुटांत आणि तेवढ्याच वजनाची पिशवी पाठीवर देऊन. तिथे जो मागे पडतो त्याचा वेग हाच आमच्या पुढच्या भटकंतीचा वेग, हे त्याच दिवशी सर्वांसमोर सांगून टाकते, म्हणजे त्याला पुढे लाजावे लागत नाही.

वेळेचा हिशेबही याच वेगावर बसवावा लागतो. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो: दर तीन मैलांना, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरना, एक तास आणि त्यावर दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. लोणावळ्याकडून राजमाचीची वाट साधारण पंधरा-सोळा किलोमीटरची आणि बरीचशी सपाट आहे, त्यामुळे या हिशेबाने ती सव्वातीन तासांत व्हायला हवी. प्रत्यक्षात अठरा माणसे, चिखल, फोटो आणि चहा धरून आम्ही साडेपाच तास लावतो. कोंढाण्याच्या लेण्यांकडून वर येणारी वाट अंतराने कमी असली तरी खड्या चढणीची आहे, म्हणून तिथे वेगळे गणित. जुलैमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळत असला तरी दाट ढगांखाली रानात सहालाच अंधारून येते. त्यामुळे जिथे त्याच दिवशी परतायचे असते, तिथे मागे फिरण्याची वेळ सकाळीच सर्वांसमोर ठरते आणि शिखर अर्ध्या तासावर असले तरी ती बदलत नाही. यावरून माझी भांडणे झाली आहेत आणि अजूनही होतील.

पाण्याविषयी बायकांना वेगळे सांगावे लागते, कारण आम्ही वाटेत जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. पावसात घाम जाणवत नाही, तहानही जाणवत नाही आणि दुपारी डोके धरते, पायात गोळे येतात. आता दर तासाला पाच मिनिटांचा थांबा असतो. बायका वाटेच्या मागच्या अंगाला, पुरुष पुढच्या अंगाला, असे ठरलेलेच असल्यामुळे कोणाला विचारावे लागत नाही. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून बंद पिशवीतून परत आणायचे, रानात पुरायचे नाहीत, हेही निघण्यापूर्वीच सांगून ठेवते. एरवी कोणी एकटा आडोशाला जाणार असेल, तर त्याने आपली पाठपिशवी वाटेच्या मधोमध ठेवून जायचे. ही साधी रीत मला फार आवडते. पिशवी दिसली की मागून येणारा थांबतो आणि आत गेलेल्याला परतायला खूण राहते.

साहित्याची यादी मी फार लांबवत नाही. दोन-तीन लिटर पाणी, जलसंजीवनीची पुडी, कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, डोक्याला लावायची बॅटरी, शिट्टी, रोजची औषधे. बुटांविषयी मात्र बोलायलाच हवे. मागच्या वर्षी एकीने सात वर्षांपूर्वी घेतलेले, दोनदाच वापरलेले महागडे बूट कपाटातून काढून आणले होते. पहिल्या ओढ्यानंतर उजव्या बुटाचा तळ बेडकाच्या तोंडासारखा उघडला आणि पुढच्या अर्ध्या तासात डावाही गेला. असे का झाले हे नंतर कळले: अशा बुटांच्या तळातला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षे आतून कुजत राहतो, बूट वापरले नाहीत तरीही. दोन्ही बूट सुतळीने करकचून बांधून तिने उरलेले अंतर कसेबसे पुरे केले. सह्याद्रीतल्या ओल्या कातळावर साध्या, पण चांगली पकड असलेल्या नव्या बुटांचा जो भरवसा आहे, तो कपाटातल्या जुन्या किमती बुटांचा नाही. शिवाय पिशवीत सुतळीचा एक गुंडा असू द्यावा. नऊ वर्षांत तो सहा वेळा कामी आला आहे.

आता ओढ्यांविषयी. पावसाळी भटकंतीत मला कड्यापेक्षा ओढ्याची धास्ती अधिक वाटते, कारण कडा जिथल्या तिथे असतो. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी परतताना मांडीपर्यंत आलेले असते. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या पठारावर तो कोसळत असू शकतो. पाणी अचानक गढूळ झाले, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, आवाज बदलला, की क्षणभरही पात्रात थांबू नये. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि त्यानंतर आठवडाभरातच रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे वाहू लागून पर्यटक अडकून पडले. दोन्ही जागा आडरानातल्या नव्हेत, नेहमीच्या राबत्या आहेत.

आमचा दंडक असा: गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरायचे नाही, आणि गुडघ्याखाली असले तरी वाहते किती जोरात आहे आणि खाली पुढे धबधबा आहे का, हे आधी पाहायचे. ओलांडायचेच असेल तर पिशवीचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडायचे, म्हणजे पडल्यास ती अंगावेगळी करता येते, आणि तिघा-तिघांनी खांदे धरून एकत्र सरकायचे. अंगाला दोर बांधून माणसे पार करण्याचे धाडस ज्यांना त्याचे शिक्षण नाही त्यांनी करू नये. प्रवाहात अडकलेला दोर माणसाला पाण्याखाली दाबून ठेवतो. बहुतेक वेळा तास-दोन तास थांबणे हेच उत्तर असते, कारण डोंगरातला लहान ओढा जसा चढतो तसाच पाऊस ओसरल्यावर उतरतो. कोणा एकालाही उतरायची भीती वाटत असेल तर सगळा गट थांबतो; त्याला "अरे, काही होत नाही" असे म्हणायला आमच्यात बंदी आहे.

मधमाश्यांचे थोडक्यात सांगते. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर डोके-तोंड झाकून त्या टापूतून पळायचे, हात झटकायचे नाहीत. सर्पदंशात जागा कापणे, आवळून बांधणे, तोंडाने ओढणे यांतले काहीही न करता, चावलेला अवयव हलू न देता, माणसाला उचलून प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात लवकरात लवकर न्यायचे.

मदतीसाठी 112 हा क्रमांक आपल्या सिमकार्डाला रेंज नसतानाही दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून लागू शकतो. लोणावळ्याच्या बाजूला शिवदुर्ग मित्र या बचाव संस्थेची स्वयंसेवक मंडळी असे अनेक प्रसंग निभावतात, पण त्यांनाही पोहोचायला वेळ लागतो. तोवर हाताशी गावकरीच असतात. म्हणून ज्या गावात जेवण सांगायचे तिथे माणसांचा नेमका आकडा आणि पोहोचण्याची वेळ कळवावी. आमचा आकडा आमच्याआधी त्या माउलीने मोजला होता.

आता आम्हीही मोजतो. प्रत्येकाला सकाळी एक क्रमांक मिळतो आणि प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक ओढ्यानंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत तो मोठ्याने म्हटला जातो. शेवटचा गडी जागा सोडणार असेल तर दुसऱ्याला मागे उभे करून, नाव घेऊन सांगतो आणि मगच पुढे जातो.

ते गृहस्थ अजून येतात, आणि सध्या शेवटचा गडी तेच असतात. गेल्या महिन्यात पाऊस भरून आलेला असताना मागून शिट्टी वाजली, सगळी रांग जागच्या जागी थबकली आणि धुक्यातून त्यांचा खणखणीत आवाज आला, "पिशवी वाटेवर ठेवली आहे हो, मी जरा जाऊन येतो!"