सातबाऱ्यावरचे नाव

चुलते गेल्यानंतरच्या गणपतीत मी गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा काकूने पासबुक पुढे ठेवून विचारले, "ह्यांचे दोन हजार आता बंदच झाले का रे?" पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला 6,000 रुपये, 2,000 च्या तीन हप्त्यांत, आणि 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी तेवढेच, चुलत्यांच्या खात्यात जमा होत असत. लावणीच्या मजुरीचा मोठा भाग त्यातून भागत असे.

काकूने चाळीस पावसाळे त्याच खाचरांत भात लावला, पण सातबाऱ्यावर तिचे नाव कधी लागले नाही. पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय लक्ष्मीमुक्ती योजनेने 1992 पासून दिली आहे. आमच्या वाडीत ती वापरलेले एकही घर मला ठाऊक नाही. किसान सन्मानसाठी 1 फेब्रुवारी 2019 रोजी जमीन नावावर असावी लागते, आणि त्यानंतर नाव लागले असेल तर ते वारसाहक्कानेच लागलेले असावे लागते. म्हणजे काकूला वाट होती, ती वारस नोंदीतून. आमचा सातबारा सामाईक, त्यावर सतरा नावे, त्यांतली चार माणसे हयात नाहीत आणि उरलेली बहुतेक विरार-डोंबिवलीत. आम्हाला आधी सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आणायला सांगण्यात आले. मयत खातेदाराच्या वारसांची नोंद घालायला इतर हिस्सेदारांची संमती लागत नाही, हे उमगेपर्यंत पावसाळा सरला. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, मग नवी नोंदणी आणि ई-केवायसी, हे सगळे सत्तरीच्या बाईने एसटीने ये-जा करत करायचे, याचा मला मनापासून त्रास होतो.

मदतीचे माप कोकणाला जुळवून घेता येते, हे आपण एकदा पाहिले आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा फळबागांची भरपाई हेक्टरी होती. दहा गुंठ्यांत नारळ, सुपारी, जायफळ आणि मिरी एकमेकांच्या सावलीत वाढवणाऱ्या माणसाच्या हाती हेक्टराच्या हिशेबाने कितीसे पडणार? पुढे शासनाने झाडे मोजली: सुपारीला झाडामागे 50 रुपये, नारळाला 250. रक्कम तुटपुंजीच होती, कारण सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. पण निदान मोजदाद खरी झाली.

कसणाऱ्याची अशी मोजदाद मात्र अजून होत नाही. मुंबईकरांची कितीतरी खाचरे गावातली माणसे अर्धलीने, म्हणजे अर्धे पीक मालकाला देण्याच्या बोलीवर, करतात, आणि त्यांच्याकडे कागदाचा एक चिटोराही नसतो, कारण कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी देणाऱ्या कूळकायद्याची आठवण अजून ताजी आहे आणि लिहून दिले तर जमीन जाईल या भीतीने मालक सही करत नाही. ही भीती मी माझ्याच घरात पाहिली आहे, म्हणून तिला नुसती नावे ठेवून चालणार नाही. मालकी हक्काला धक्का न लावता हंगामापुरती कसणाऱ्याची नोंद घेणारा एक साधा कागद शासनाने द्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

काकूचा फेरफार मंजूर झाला आहे. आमच्या खालच्या दोन खाचरांत अर्धलीने भात करणाऱ्या जोडप्याला मात्र आम्हीही अजून काही लिहून दिलेले नाही, आणि येत्या मे महिन्यात घरी गेल्यावर तो विषय मी सगळ्या भावंडांपुढे काढणार आहे.