कोनाड्यांचं पान

आमच्या जुन्या माळवदाच्या घराला दोन-अडीच हात जाडीच्या भिंती आणि भिंतींत कोनाडे. एकात चिमणी, एकात आजोबांचा अडकित्ता, एकात पंचांग. अंधारात हात घातला तरी हवं ते हाताला लागायचं. १९९३ च्या भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतींची सगळ्यांनीच धास्ती घेतली. नवं घर विटांचं झालं. नऊ इंची भिंतीत कोनाडा काढणार कुठून?

तो मला २००९ मध्ये कॉम्प्युटरवर सापडला. आयगूगल, म्हणजे गूगलचं आपल्या मनासारखं मांडता येणारं पान. चौकटी निवडायच्या, माऊसनं ओढून पाहिजे तिथं बसवायच्या. डावीकडं लातूरचं हवामान, मध्ये बातम्या, उजवीकडं कॅलेंडर. सोयाबीनच्या भावाची चौकट काही मिळाली नाही, म्हणून चिठ्ठीच्या चौकटीत लातूरच्या आडतीवरचा भाव मीच रोज टाकायचो. (बायकोनं राशिभविष्य मागितलं. बसवलं. वाचायचो मात्र मीच.) नेट कॅफेत जाऊन पासवर्ड टाकला की तिथंही सगळं तसंच मांडलेलं. परक्याच्या घरात आपले कोनाडे!

शाळेत कॉम्प्युटर सहा, त्यातले चालू चार, आणि लाइट भारनियमनाच्या मर्जीवर. नववीला भूकंपाचा प्रकल्प दिला आणि पानावर यूएसजीएस या अमेरिकी संस्थेची फीड जोडली. तिकडं नोंद पडली की इकडं आपोआप एक ओळ वाढायची. पोरं रोज वहीत उतरवून घ्यायची: इंडोनेशिया, जपान, चिली. भूकंप म्हणजे किल्लारी, एवढंच त्यांना माहीत. जमीन रोज कुठं ना कुठं हलते, हे पाहून ती आधी घाबरली, मग सरावली.

एका दुपारी त्याच संस्थेच्या जुन्या नोंदी चाळताना एक पोरगा म्हणाला, "सर, ह्यात आपली किल्लारीच नाही."

३० सप्टेंबर १९९३. मी स्वतः पाहिलं. खरंच नव्हती. ती रात्र मला आठवते. गणपती बोळवून आम्ही झोपलो होतो. इतकी माणसं गेली आणि यांच्या वहीत एक ओळ नाही? मी चिडलोच.

शेजारच्या कॉम्प्युटरवरची पोरगी तोवर एक दिवस मागं गेली होती. "सर, २९ ला आहे. ६.२. वेळ २२ वाजून २५ मिनिटं, ४८ सेकंद."

आता फळ्याकडं वळणं आलं. संस्थेचं घड्याळ जागतिक वेळेचं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. पोरांनी बेरीज मांडली, त्यातून २४ वजा केले. पहाटेचे ३ वाजून ५५ मिनिटं, ४८ सेकंद. घरोघरी सांगतात ती ३ वाजून ५६ मिनिटांची वेळ फळ्यावर उमटली. वर्गात कुणी बोलेना. रेखांश आणि प्रमाणवेळ मी बारा वर्षं शिकवत होतो, पण असं कधी शिकवलं नव्हतं.

आयगूगल बंद होणार हे १६ महिने आधी कळलं होतं, तरी मी चौकटी हलवत राहिलो. १ नोव्हेंबर २०१३ ला ते गेलं. त्या दिवशी धनत्रयोदशी होती, शाळेला सुट्टी. आता फोन उघडला की समोर काय यावं ते फोनच ठरवतो. भाव शोधायला गेलं तर आधी कुणाचं तरी लग्न दिसतं.

सुट्टी संपून शाळा उघडली, तर त्या वर्षीच्या नववीच्या पोरांनी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात खडूनं चौकट आखून ठेवलेली. तीन रकाने: ठिकाण, जगाची वेळ, आपली वेळ.