बोराम, म्हणजे कष्टाचं चीज

कोरियात बाळाच्या जन्मनोंदणीच्या अर्जावर नावाशेजारी हांजाचा, म्हणजे चिनी अक्षरांचा, रकाना असतो. 'बोराम' असं नाव ठेवलं तर तो कोराच राहतो. शब्दच मुळात कोरियन, त्याला चिनी अक्षर आणायचं कुठून? तरी नवी ओळख झाली की इथे विचारतातच, 'हांजा कोणती?' जणू नावात काही कमी राहिलंय. मला हे फार खटकतं.

तिकडे के-ड्रामा बघणाऱ्यांमध्ये नावांच्या अर्थांच्या याद्या फिरतात, त्यांवर जाऊ नका. 'जीऊ' या नावाचा अर्थ नुसत्या उच्चारावरून सांगताच येत नाही. 'जी' उच्चाराच्या हांजा कितीतरी, आईवडिलांनी कुठली निवडली त्यावर सगळं. नावांसाठी 2024 पासून तब्बल 9,389 हांजा मान्य आहेत.

बोरामचं तसं नाही. बोराम म्हणजे मुळात खूण, विसरू नये म्हणून केलेली. पुस्तकाच्या पाठीतून लोंबणारी फीत असते ना, तिला 'बोरामजुल' म्हणतात. जुल म्हणजे दोरी. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ, केलेल्या कामाचं फळ आणि त्याचं समाधान. 'किदारिन बोरामी इत्ता' म्हणजे वाट पाहिल्याचं चीज झालं. इंग्रजीत हे समजावताना दमछाक होते, मराठीत एका शब्दात काम होतं. चीज फारसीतून आला असला तरी आता तो आपलाच. पण आपण मुलाचं नाव 'सार्थक' ठेवतो, 'चीज' नाही. त्यात वावगं काय? सार्थकचा अर्थ निदान कुणाला लिहून दाखवावा लागत नाही.

1980च्या दशकात बोराम, सुल्गी, आरुम अशी ठेठ कोरियन नावं बरीच ठेवली गेली. एका पिढीतल्या सगळ्यांच्या नावात येणारं ठरलेलं चिनी अक्षर, 'दोल्लिमजा', पाळणाऱ्या घराण्यांत अशा नावाला जागाच नव्हती, हेही खरं.

उच्चारताना सुरुवातीचा ब घुमवू नका, प आणि बच्या मधला ठेवा. आधी 'किम' आडनाव आलं की तो आपोआप स्वच्छ ब होतो. हाक मारताना शेवटी आ, 'बोरामा!', अगदी आपल्या 'रामा!'सारखी. नाव स्वरान्त असेल तर या, म्हणजे 'नारा'ची 'नाराया'. ही हाक बरोबरीच्यांना किंवा लहानांनाच. ऑफिसात 'बोराम-श्शी', आणि वरिष्ठ असेल तर नाव घ्यायचंच नाही, आडनाव आणि हुद्दा.

आणि हांजा विचारली, की उत्तर ठरलेलं: 'सुनुरिमारिएयो.' म्हणजे, ठेठ आपल्या कोरियन भाषेतलं आहे.