कावळ्याला रशियनमध्ये काय म्हणायचं

फुलांच्या दुकानातल्या बाईंनी आधी एकच विचारलं, "आनंदाचं आहे की दुःखाचं?" साहेब तोवर बोटांनी खुणा करून एकवीस कार्नेशन बांधायला सांगून मोकळे झाले होते. मी त्यांना थांबवलं. रशियात जिवंत माणसाला फुलं द्यायची ती विषम, तीन, पाच, सात अशी. सम संख्या फक्त गेलेल्यासाठी. "म्हणजे आपल्या आहेराच्या पाकिटातल्या वरच्या रुपयासारखंच की," साहेब म्हणाले आणि एकविसाची दहा झाली.

२०१३ चा नोव्हेंबर होता आणि गाव होतं त्वेर, मॉस्कोपासून पावणेदोनशे किलोमीटरवर, व्होल्गाच्या काठी. मी पुण्याची. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले आणि तेव्हापासून दुभाष्याचं काम करते. त्या वेळी चाकणच्या एका कारखान्याच्या उत्पादनप्रमुखांबरोबर, म्हणजे साहेबांबरोबर, मशीनची ट्रायल घ्यायला गेले होते. तिथल्या मुख्य तंत्रज्ञांशी साहेबांचा दोन वर्षं पत्रव्यवहार चालू होता आणि दोन्हीकडचं प्रत्येक पत्र माझ्या हातून गेलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा कळलं की ते ऑक्टोबरातच वारले. परवा त्यांचा चाळिसावा. आम्हालाही जेवायला बोलावलं होतं.

या दोघांमधली एक गोष्ट इथेच सांगायला हवी. एकदा वंगणाबद्दलच्या पत्रात साहेबांनी सहज लिहिलं होतं की मी मूळचा जुन्नरकडचा. उलट आलेल्या पत्रात वंगणाचा विषयच नव्हता. पानभर अफानासी निकितिन होता. पंधराव्या शतकातला हा त्वेरचा व्यापारी चौलला उतरला, विकायला घोडा घेऊन आला होता आणि पावसाळाभर जुन्नरला राहिला. "तुमच्या गावचा पाऊस आमच्या माणसाने पाचशे वर्षांपूर्वी बघितलाय. तुम्ही इथे या, मी तुम्हाला त्याचा पुतळा दाखवतो," असा त्या पत्राचा शेवट होता. तो तर्जुमा करताना मला किती आनंद झाला होता, ते अजून आठवतं.

गाडीत बसल्यावर मी साहेबांना सगळं समजावलं. तंत्रज्ञांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, नुसतं नावाने हाक मारायची नाही, नाव आणि पुढे वडिलांचं नाव. हे मराठी माणसाला फार सांगावं लागत नाही. यूरी अलेक्सेयेविच गागारिन आणि सचिन रमेश तेंडुलकर, मधल्या नावाची जागा तीच. दारात उभं राहून उंबरठ्यावरून हात मिळवायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेले उचलायचे पण एकमेकांना लावायचे नाहीत. एरवी रशियन पंगतीत पेला पेल्याला लागल्याशिवाय घोट घेत नाहीत. दिवसांच्या जेवणात तो आवाज होता कामा नये.

जेवण कारखान्याच्या कँटीनमध्ये होतं. भिंतीला लागून एका टेबलावर काळी फीत लावलेला फोटो, शेजारी काठोकाठ भरलेला व्होडकाचा छोटा पेला आणि पेल्यावर झाकणासारखी ठेवलेली राय-पावाची काळी चकती. पावाच्या कडा वाळून किंचित वर उचलल्या होत्या. तिसरा, नववा आणि चाळिसावा असे त्यांचे दिवस. मृत्यूचा दिवस धरूनच मोजायचे, आपण दहावा मोजतो तसे. चाळीस दिवस आत्मा घराच्या आसपास असतो, अशी श्रद्धा आहे. घरातले आरसे झाकलेले असतात. व्होडका-पावाची ही रीत चर्चची नाही असं तिथले पाद्री सांगतात, पण घरोघरी ती पाळतातच. माझ्या मते हे बरोबरच आहे. गेलेल्याचं पान वाढायचं असतं हे लोकांना कुणी शिकवावं लागत नाही.

सगळ्यांनी आधी कुत्या घेतला, म्हणजे मध आणि मनुका घातलेले शिजवलेले गहू. सर्बियात आणि बल्गेरियातही मृताच्या नावाने असाच गहू शिजवतात. त्याला ते नुसतं झितो म्हणतात, म्हणजे धान्य. साहेब माळकरी. त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ दाखवून मी शेजारच्या आजींना दोन वाक्यांत सांगितलं, तर त्यांनी काही न बोलता त्यांच्यापुढचा पेला बाजूला केला आणि सुक्या फळांचं गार सरबत ओतून दिलं. कुणी आग्रह केला नाही.

साहेब बोलायला उभे राहिले. त्यांनी एकच आठवण सांगितली. ड्रॉइंगमधली एक चूक साहेबांच्या नजरेतून सुटली होती. ती या माणसाने पकडली आणि वर लिहिलं, "आपण दोघांनी मिळून शोधली." हे रशियनमध्ये सांगताना माझा आवाज फुटला. दुभाष्याने असं करायचं नसतं, पण तसं झालं.

मग बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे काय करतात?"

साहेबांनी दहावा सांगितला. नदीकाठ, भाताचे पिंड, आणि कावळा शिवण्याची वाट बघणं. इथे मी अडले. रशियनमध्ये साधा कावळा म्हणजे 'वरोना', पण तो शब्द वेंधळ्या माणसाला लावतात. दुसरा शब्द 'वोरन', म्हणजे डोमकावळा, पण त्याच्यामागे रणांगण आणि प्रेतं उभी राहतात. नवरा जाऊन चाळीस दिवस झालेल्या बाईसमोर यातला एकही शब्द माझ्या तोंडून निघेना. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी मी 'प्तीत्सा' म्हटलं. नुसता पक्षी.

बाईंचा चेहरा एकदम निवळला. "आम्हीसुद्धा," त्या म्हणाल्या. "आम्ही थडग्यावर बाजरीसारखं बारीक धान्य टाकतो. पक्ष्यांसाठी." आत्मा पाखरू होऊन येतो हे त्यांच्या आजीने त्यांना सांगितलं होतं.

साहेब पुढे बोलतच होते. त्यांच्या वडिलांच्या दहाव्याला कावळा तासभर शिवला नव्हता. धाकट्या बहिणीचं शिक्षण राहिलं होतं. "मी करीन," असं थोरल्या काकांनी मोठ्याने सांगितलं, तेव्हा शिवला. मी वाक्याला वाक्य लावत गेले. बाई बराच वेळ टेबलक्लॉथची घडी बोटाने दाबत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता थेट साहेबांकडे बघून म्हणाल्या, "त्यांना तुम्हाला निकितिन दाखवायचा होता."

साहेबांना रशियन येत नाही. पण निकितिन हे नाव त्यांना कळलं.

पाच वाजून गेले होते, अंधारून आलं होतं. बाईंनी पेल्यावरची पावाची चकती कागदी रुमालात गुंडाळून घेतली. त्यांच्या मुलाने गाडी काढली आणि आम्ही व्होल्गा ओलांडून पलीकडच्या काठावर गेलो. १९५५ साली उभारलेला हा पुतळा नावेसारख्या चौथऱ्यावर आहे आणि नावेच्या टोकाला घोड्याचं डोकं आहे. चौथऱ्याच्या पायऱ्यांवर बर्फाचा पातळ थर होता. साहेबांनी कानटोपी काढून हातात घेतली आणि बराच वेळ वर बघत राहिले.

बाईंनी कठड्यावर पाव कुस्करला.

"बघितला हो," साहेब मराठीत, जरा मोठ्याने म्हणाले. ते कुणाला म्हणाले हे त्यांनी सांगितलं नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी ते दोन शब्द रशियनमध्ये सांगितले. नदीवरून वारा आला, चुरा उडायला लागला, तेव्हा त्यांनी हातमोजा काढून त्याला हाताचा आडोसा धरला.