केमोतला ताप आणि कॅज्युअल्टीत वाया जाणारा तास

मुलाच्या कॅन्सरवरची केमो, सलाईन, डिस्चार्ज यांबद्दल माझी तक्रार नाही. गाडी अडते ती एकाच जागी, रात्रीच्या कॅज्युअल्टीत. मुलाला १०१ ताप आणि समोरून ठरलेलं उत्तर: "सीबीसी येऊ द्या, मग बघू."

सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टसाठी, थांबायचं नसतं. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यांतले जंतूंशी लढणारे न्यूट्रोफिल ५००च्या खाली गेले की पू धरत नाही, लाली नीट येत नाही, छातीचा एक्स-रेही स्वच्छ दिसू शकतो. बऱ्याचदा ताप हीच एकुलती खूण. रक्तात ई. कोलाय, क्लेब्सिएला किंवा स्यूडोमोनास यांसारखा जंतू असेल, तर आत्ता खेळणारं मूल काही तासांत शॉकमध्ये जाऊ शकतं. म्हणून दारात आल्यापासून ६० मिनिटांच्या आत शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस जायला हवा. आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू उगवून पाहण्याची तपासणी; तिचं रक्त लाइनच्या (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीच्या) प्रत्येक लुमेनमधून, म्हणजे आतल्या प्रत्येक वाटेतून. लगेच पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिम. कल्चर घेणं जमत नसेल तर त्यापायी डोस अडवू नये.

हा तास जातो कुठे? थोडा केसपेपरच्या रांगेत. थोडा पोर्टला, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या लाइनच्या डबीला, हात लावायला कचरणाऱ्या डॉक्टरमुळे. पोर्टमध्ये टोचायची खास हुबर सुई तिथे नसतेच, म्हणून योग्य मापाच्या दोन माझ्या पिशवीत कायम. बधिर करणाऱ्या क्रीमला तर एकटीलाच तास लागतो. ती घरून निघतानाच लावावी, राहिली तर तिच्यासाठी थांबू नये. निघताना वॉर्डला फोन. पोचल्यावर पहिलं वाक्य लक्षणांचं नाही, "केमोवरचं मूल आहे, ताप आहे" हे. आणि फाइलच्या पहिल्या पानावर निदान, शेवटच्या केमोची तारीख, वजन, लाइनचा प्रकार, कशाची अ‍ॅलर्जी. हे पान डॉक्टरच्या हातात ठेवलं की पुढची अर्धी प्रश्नोत्तरं टळतात. आवाज चढवावा लागला तर मी चढवते, लाज वाटत नाही.

तापाचा आकडा: एकदाच १०१, किंवा १००.४ तासभर टिकला तर निघायचं. वॉर्डाने वेगळा सांगितला असेल तर तोच धरावा. काखेत कमी भरतो. गुदद्वारातून मोजायचा नाही, तिथून औषधही नाही; नाजूक अस्तराला इजा होऊन जंतू रक्तात शिरतात. मोजण्याआधी पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, ताप झाकला जातो. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू असेल तर ताप न येताही मूल मलूल पडू शकतं, तेव्हाही निघायचंच. लाइन फ्लश केल्यावर (सलाईन ढकलून धुतल्यावर) हुडहुडी भरली तर संशय लाइनवर.

रिपोर्टवर एएनसी (न्यूट्रोफिलचा एकूण आकडा) छापलेला नसला तर स्वतः काढा: एकूण पांढऱ्या पेशी १२००, न्यूट्रोफिल २० टक्के, म्हणजे २४०. बँड पेशी (कच्चे न्यूट्रोफिल) दिल्या असतील तर त्यांचे टक्केही मिळवायचे.

कल्चरमधले बहुतेक जंतू ४८ तासांत उगवतात. रिपोर्ट मागताना कोणत्या लुमेनची बाटली आधी पॉझिटिव्ह आली, हेही विचारा; लाइन काढायची की ठेवायची, हे ठरवताना ते लागतं.